पाचशेची की दोनशेची

सुरुवातीलाच माफी मागतो. लिहिणं हे माझं काम नाही. आमच्या घरात माझ्याआधी कुणी दहावीच्या पुढे गेलं नाही, आणि मी कॉलेजात आलो तरी परीक्षेची उत्तरं सोडून चार पानं सलग कधी लिहिली नाहीत. शिवाय जे सांगायचं आहे त्यात मारामारी फार आहे, आणि ती आमच्याच घरातली आहे. घरातलं असं बाहेर मांडू नये, हे मला कळतं. तरी लिहितो. औषध स्वस्तात कसं घ्यावं हे मला कळतं, असं माझे मित्र समजतात. अजूनही कुणी ना कुणी डॉक्टरची चिठ्ठी घेऊन माझ्या खोलीवर येतो आणि विचारतो, कुठल्या दुकानात जाऊ. त्यांना मी जे सांगतो ते मला कसं समजलं, हे एकदा नीट लिहून काढावं असं वाटलं.

आमचं गाव वळसंगच्या पुढे, डांबरी रस्त्यापासून आत आहे. मेंढरं, शेळ्या आणि थोडी कोरडवाहू जमीन. घरात आप्पा, आई, माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठा भाऊ अण्णा, आणि वहिनी. वहिनीचं माहेर दुधनी. तिकडे घरात कानडी बोलतात. लग्नानंतर पहिलं वर्षभर ती आमच्याशी मोजकं मराठी बोलायची आणि शेळ्यांशी भरपूर कानडी. आपल्या शेळ्या आता मराठीत हाकलल्या तर हलत नाहीत, असं अण्णा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा. घरात सगळ्यात थंड डोक्याचा माणूस तोच होता. आप्पांचा हात लवकर उठायचा, आईचं तोंड. अण्णाचं दोन्ही जागेवर असायचं.

मी अकरावीत असताना त्याची झोप उडाली. पहाटेच्या आधी उठून तो वाडग्यात, म्हणजे मेंढरांच्या आवारात जायचा, मेंढरं मोजायचा, पुन्हा मोजायचा. बोलणं इतकं वाढलं की जेवायला बसल्यावर भाकरी हातात तशीच राहायची. हजार मेंढरं घेणार, सोलापुरात बंगला बांधणार, कलेक्टरला भेटणार. आम्ही हसलो. आठ-दहा दिवसांनी दुपारी आप्पा त्याला म्हणाले, "जनावरास्नी पाणी पाजलंस का, का नुसतंच बोलायलास?" एवढंच म्हणाले. त्याने भिंतीला टेकवलेली काठी उचलली आणि समोर उभ्या दोन एडक्यांना डोक्यात घालून जागेवर मारलं. एकाचा डोळा बाहेर आला होता. मी काठी धरायला गेलो. माझे समोरचे दोन दात तिथेच राहिले.

त्यानंतर जे झालं ते मी थोडक्यात सांगतो, कारण त्यात आम्हीही होतो. कुणीतरी सांगितलं की बाहेरचं आहे. एका देवस्थानाजवळच्या माणसाकडे नेलं. त्याने अण्णाला मिरच्यांची धुरी दिली आणि ओल्या फोकांनी मारलं. आम्ही अण्णाचे हात-पाय धरले होते. मी उजवा पाय धरला होता. पाठ फुटली, पण तो बोलायचा थांबला नाही. तिथून परत आलो त्याच दिवशी वहिनीचे दोघे भाऊ आले आणि तिला दुधनीला घेऊन गेले.

मग गावातल्या शाळेच्या मास्तरांनी सोलापूरच्या डोक्याच्या डॉक्टरचा पत्ता दिला. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, ते आप्पांना उच्चारता आलं नाही. पण गोळ्या चालू झाल्या आणि तीन-चार महिन्यांत अण्णा परत अण्णा झाला. जाड झाला, थोडा संथ झाला, पण शेळ्यांवर पुन्हा हसून बोलायला लागला. वहिनी मात्र लगेच आली नाही. तिचे वडील स्वतः येऊन दोन दिवस राहिले, अण्णाबरोबर रानात फिरले, आणि मग चार माणसांत बसून आप्पांना म्हणाले, "पोरगी पाठवतो. पण गोळ्या हायत तवर. गोळ्या चुकल्या की म्या तिला घिऊन जातो. मग परत मागायला येऊ नका."

आप्पा म्हणाले, "चुकायच्या न्हाईत."

वहिनी आली. गोळ्या द्यायचं काम तिने स्वतःकडे घेतलं. म्हणजे आमच्या घरातला संसार त्या गोळ्यांवर उभा होता, हे घरातल्या प्रत्येकाला माहीत होतं. पुढे जे झालं तेव्हा ते मला माहीत नव्हतं असं मी म्हणू शकत नाही.

बारावीनंतर मी सोलापूरला कॉलेजात आलो आणि गोळ्या आणायचं काम माझ्याकडे आलं. महिन्याच्या गोळ्या घ्यायच्या, पिशवीला गाठ मारायची आणि आमच्या बाजूला माणसं भरून जाणाऱ्या जीपवाल्याकडे द्यायची. या जिपांना आमच्याकडे वडाप म्हणतात. वडापवाला गावच्या फाट्यावर पिशवी वहिनीच्या हातात द्यायचा.

डॉक्टरांच्या दवाखान्याखालीच दुकान होतं. तिथे अण्णाच्या मुख्य गोळीचे महिन्याला सातशेच्या वर जायचे. दिवसाला दोन गोळ्या. आप्पा दर महिन्याला करडू विकायचे, आणि करडं काही दर महिन्याला होत नाहीत. त्या वर्षी आईने स्वतःची बीपीची गोळी बंद केली, आणि हे कुणाला सांगितलं नाही. ते मला तिच्या रिकाम्या डबीवरून कळलं. मी तिला रागावलो. ती म्हणाली, "मला काय हुतंय. मी कुटं एडकं मारायला निगालेय?"

माझा खोलीतला जोडीदार फार्मसीच्या डिप्लोमाला होता. बाळीवेशीकडच्या विणकराच्या घरातला, घरात तेलुगू बोलणारा. घर भरलेलं म्हणून अभ्यासाला खोलीवर राहायचा. त्याने माझ्या हातातली पट्टी घेतली आणि हसला. "तू हे नाव बघून घेतो का रे? हा नुसता सदरा आहे. सदऱ्यातला माणूस बघ." पट्टीच्या मागे बारीक अक्षरांत औषधाचं खरं नाव असतं, ते त्याने दाखवलं. तेच औषध दहा कंपन्या दहा नावांनी विकतात, आणि भाव दहा तऱ्हेचे. "नाव बघ आणि पॉवर बघ," तो म्हणाला. "दोन्ही जुळलं की बिनधास्त स्वस्तातलं घे. आणि डॉक्टरला एकदा दाखव."

त्याने तीन गोष्टी सांगितल्या होत्या. मी पहिली लक्षात ठेवली, कारण ती मला फार हुशारीची वाटली.

पुढचे काही महिने माझे चांगले गेले. कॉलेज सुटलं की मी चालत निघायचो. सात रस्ता, तिथून नवी पेठ, मोठ्या दवाखान्यांसमोरची औषधांच्या दुकानांची रांग. एप्रिलमध्ये दुपारी चारला रस्त्यावर पाऊल ठेववत नाही, पण तेव्हा दुकानांत गर्दी नसते आणि माणूस नीट उत्तर देतो. सुरुवातीला मी भाव विचारायला लाजायचो. दुकानदार हातातली पट्टी ठेवून वर बघायचा आणि मला वाटायचं, याला कळलं की मी गरीब आहे. मग सवय झाली. सुटी पट्टी देणारा कोण, बिल न मागता देणारा कोण, भावात कमी करणारा कोण, सगळं पाठ झालं. दवाखान्याखालच्या दुकानात सातशेच्या वर जाणारी गोळी मला एका छोट्या दुकानात पाचशेत मिळाली. तेच औषध, दुसरी कंपनी. मी ती दोन-तीन महिने घेतली. अण्णाला काही फरक पडला नाही. फोनवर आप्पा म्हणाले, "शिकल्याचा उपेग हाय म्हणायचा." आप्पा असं बोलत नाहीत. मी ते वाक्य जोडीदाराला दोनदा सांगितलं.

मग एक दिवस ते छोटं दुकान बंद होतं. गोळ्या दोन दिवसांच्या राहिल्या होत्या. मी पुढच्या मोठ्या दुकानात गेलो. तिथे काउंटरवर तीन रांगांची गर्दी. माझा नंबर आल्यावर मी औषधाचं खरं नाव सांगितलं, ऐटीत, इंग्रजीत. माणसाने चिठ्ठी मागितली. वर्षापूर्वीची चिठ्ठी खिशात घडी होऊन होऊन मधोमध फाटली होती आणि घडीवरची ओळ पुसून गेली होती. त्याने ती उजेडाकडे धरली.

"ह्यातलं नीट दिसंना, मालक. पाचशेची देऊ की दोनशेची?"

मी आजही ते वाक्य झोपेत ऐकतो. मी महिन्याला पाचशे रुपये देत होतो. हा माणूस तीच गोळी दोनशेला देतो म्हणत होता.

तरी मी विचारलं. ते मला माझ्या बाजूने सांगितलंच पाहिजे. मी विचारलं, "दोन्हीत औषध तेच ना?"

"औषध तेच."

"मग दोनशेची द्या."

"किती?"

"महिन्याच्या. साठ गोळ्या."

त्याने दिल्या. बिल दोनशे वीस रुपये झालं. आकडा जवळपास जुळल्यामुळे माझ्या मनात शंका यायला जागाच राहिली नाही. त्या माणसाची चूक नव्हती. त्याने गोळीची पॉवर विचारली होती, मिलिग्रॅमची, जशी सगळे दुकानदार विचारतात. मी किंमत ऐकली होती. दोघांनीही एकमेकांना खरी उत्तरं दिली होती.

तेव्हा जोडीदार परीक्षा संपवून त्याच्या घरी गेला होता. मी वाचलेल्या पैशांतून स्वतःसाठी जुनी डिक्शनरी घेतली.

पिशवी पोचली त्या संध्याकाळी वहिनीचा फोन आला. "भाऊजी, ह्या गोळ्या बारक्या हायत की."

"कंपनी वेगळी आहे, वहिनी. आत औषध तेच आहे."

"पैल्या मोठ्या हुत्या."

"मोठी गोळी म्हणजे चांगली गोळी असं नसतं," मी म्हणालो. वर्गात प्राध्यापक बोलतात तशा आवाजात म्हणालो, हे मला आठवतं. ती म्हणाली, "बरं," आणि फोन ठेवला. पुढच्या महिन्यात मी पुन्हा त्याच दुकानातून त्याच गोळ्या घेतल्या. त्या वेळी तिने फोन केला नाही.

दुसरा महिना अर्धा झाला आणि तिचा पुन्हा फोन आला. अण्णा पहाटेआधी उठतोय. मेंढरं मोजतोय. मी पहिलं वाक्य काय बोललो तर, "वहिनी, गोळी चुकली का?"

"न्हाय, भाऊजी. एक बी न्हाय."

मला तिचं पटलं नाही. मी आप्पांना फोन लावून सांगितलं, "वहिनीला नीट विचारा. गोळ्या चुकल्याशिवाय असं होत नाही." आप्पांनी कसं विचारलं ते मला नंतर कळलं. आईने तिचे केस धरले होते आणि आप्पांनी चपलेने मारलं होतं. शेजारच्या बायका उंबऱ्यावर उभ्या होत्या. तिने ओरडायचं टाळलं, कारण अण्णा आत होता आणि तो ऐकून बाहेर आला असता तर कुणाचं काय झालं असतं ते तिला माहीत होतं. ही चौकशी माझ्या सांगण्यावरून झाली.

चार दिवसांनी आप्पांचा फोन आला. "ये," एवढंच म्हणाले. सकाळच्या पहिल्या वडापने मी निघालो. फाट्यावर उतरलो तेव्हाच लांबून मेंढरांचा आवाज येत होता. मेंढरं तशी ओरडत नाहीत. लांडगा दिसल्यावरही नाहीत.

वाडग्यात अण्णा उघड्या अंगाने बसला होता. हातात लोकर कातरायची मोठी कातर. तो उजाडल्यापासून कातरत होता. कातरायचा मोसम नव्हता, अंगावर लोकर बोटभरही नव्हती. त्याने ठरवलं होतं की आज सगळी मेंढरं कातरायची आणि लोकर सोलापूरला नेऊन बंगल्याचा इसार द्यायचा. हात इतका भराभर चालत होता की लोकरीबरोबर कातडी येत होती. वीस-पंचवीस मेंढरं लाल झाली होती. काही उभी होती, काही पडून पाय झाडत होती. एका गाभण मेंढीच्या पोटाला भोक पडलं होतं. तो प्रत्येकीशी कानडीत प्रेमाने बोलत होता. मला बघून हसला. "आला का आमचा साहेब? धर ही, पाय धर हिचा."

आप्पा मागून गेले. त्यांना वाटलं कातर धरता येईल. अण्णाने मान न वळवता हात मागे फेकला आणि कातरीचं एक पातं आप्पांच्या तळहातातून आरपार गेलं. आप्पा ओरडले नाहीत. त्यांनी हाताकडे पाहिलं आणि खाली बसले. मग गावातले चौघे भिंतीवरून आत पडले. अण्णाने एकाच्या खांद्यावर वार केला, दुसऱ्याचा कान चावला. त्याला पालथा पाडायला चौघेही कमी पडत होते. शेवटी दोराने हात-पाय आवळून त्याला कडुलिंबाला बांधलं. बांधल्यावर लोकांनी मारलं. ज्याचा खांदा फाटला होता त्याने मारलं, ज्याची मेंढरं आमच्या मेंढरांत चरायला होती त्याने मारलं. कुणीतरी माझ्या हातात काठी दिली.

मी मारलं. तो बांधलेला होता, त्याच्या तोंडातून रक्त येत होतं, आणि मी त्याच्या मांडीवर, दंडावर, जिथे लागेल तिथे मारलं. माझ्या दातांसाठी मारलं की आप्पांच्या हातासाठी, ते मला ठरवता येत नाही. तो माझ्याकडे बघून म्हणाला, "हळू की रं, साहेब. दमशील." तेव्हा मी काठी टाकली.

आप्पांच्या हाताला आईने लुगड्याची पट्टी बांधली होती. ती रक्ताने भिजून ठिबकत होती. तसेच ते उठले, आणि चांगल्या हाताने वहिनीला अशी चपराक दिली की ती दारावर आपटली. "गोळ्या कुटं टाकल्यास? सांग. चुलीत टाकल्यास का उकिरड्यात?"

वहिनी आत गेली आणि बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा घेऊन आली. तिने तो उलटा केला. त्यात रिकाम्या पट्ट्या होत्या. आली त्या दिवसापासूनची एकही पट्टी तिने टाकली नव्हती. तिला माहीत होतं की कधीतरी असा दिवस येणार आणि बोट तिच्याकडे जाणार.

"मोजा," ती म्हणाली.

कुणी मोजल्या नाहीत. दुपारपर्यंत तिचे दोघे भाऊ मोटारसायकलवरून आले. आमच्या दारात पुन्हा मारामारी झाली. त्यांनी आमच्या चुलत्याचं डोकं फोडलं, आमच्यातल्यांनी त्यांच्या गाडीचा दिवा फोडला. थोरला भाऊ जाताना लिंबाखाली बांधलेल्या अण्णासमोर थांबला आणि म्हणाला, "ह्या हुच्च्यानं दुधनीत पाय ठेवला तर तो पाय परत जायचा न्हाय." कानडीत वेड्याला हुच्चा म्हणतात. वहिनी गाडीवर मधे बसली होती. तिच्या ओठाला सूज आली होती. तिने मागे पाहिलं नाही.

पट्ट्या अंगणभर पसरल्या होत्या. शेळ्या त्यांना तोंड लावतील म्हणून मी वेचायला लागलो. एका हातात जुनी पट्टी, एका हातात नवी. आतलं नाव तेच. नावापुढे आकडा. जुनीवर पाचशे, नवीवर दोनशे. त्यापुढे मिलिग्रॅम.

मी वेचता वेचता तिथेच बसलो. दुकानातला तो माणूस माझ्या डोक्यात पुन्हा बोलला, आणि या वेळी मला नीट ऐकू आलं. अण्णाला दिवसाला हजार हवं होतं. दीड महिना त्याच्या पोटात चारशे जात होतं. वहिनीने खरंच एकही गोळी चुकवली नव्हती.

मी लगेच सांगितलं नाही. लोक अजून अंगणात होते, कुणाच्या हातात काठी होती, आणि मी भ्यालो. वडापमध्ये अण्णाला बांधूनच सोलापूरला नेलं, तेव्हाही दीड तास आप्पांच्या शेजारी बसून मी बोललो नाही. डॉक्टरांनी अण्णाला सुई देऊन झोपवलं, दुसऱ्या डॉक्टरने आप्पांच्या हाताला टाके घातले, आणि मग डोक्याच्या डॉक्टरांनी गोळ्या मागितल्या. मी पट्टी दिली. त्यांनी ती उलटी करून वाचली.

"ही कुणी आणली?"

आप्पा म्हणाले, "पोरानं आणलीय, साहेब. पर सुनेनं दिली न्हाय."

"दिली," मी म्हणालो. "तिने सगळ्या दिल्या. मी चुकीच्या आणल्या." आणि मग मी त्या दोघांसमोर सगळं सांगितलं. पाचशेची, दोनशेची, आणि वहिनीचा फोन.

डॉक्टर रागावले नाहीत. म्हणाले, "स्वस्त औषध घेण्यात काही वाईट नाही. पण आकडा वाचायचा असतो, आणि कंपनी बदलली की मला दाखवायचं असतं." मला त्यांनी मारलं असतं तर बरं वाटलं असतं. ते आप्पांनी केलं, बाहेरच्या बाकड्यापाशी. टाके घातलेला हात छातीशी धरून दुसऱ्या हाताने त्यांनी मला कानाखाली, पाठीत, मानेवर मारलं. नर्स धावत आली. आप्पा धापा टाकत बसले आणि म्हणाले, "तिला मारलं म्या. चपलेनं." थोड्या वेळाने म्हणाले, "दुधनीला जा. जे हितं बोललास ते तितं बोल."

दुसऱ्या दिवशी मी दुधनीला गेलो. वहिनीच्या घरासमोर उभा राहून हाक मारली. थोरला भाऊ बाहेर आला. "याक बंदी?" का आलास, असं तो कानडीत म्हणाला. मी मराठीत सांगायला सुरुवात केली. मी दोन वाक्यं बोललो असेन. त्याने माझी मान धरून तोंड ओट्याच्या दगडावर आपटलं. धाकटा लाथा घालत होता. "हुच्चन तम्मा," तो प्रत्येक लाथेला म्हणत होता, वेड्याचा भाऊ. मी बोलायचं थांबवलं नाही, कारण थांबलो असतो तर पुन्हा जमलं नसतं. तोंडात रक्त होतं, शब्द नीट येत नव्हते. शेवटी वहिनीच्या वडिलांनी पोरांना बाजूला केलं.

"काय म्हणतो ते म्हणू दे त्याला," ते म्हणाले. "हं, पाव्हणं. परत सांगा."

मी परत सांगितलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. मग विचारलं, "किती वाचलं?"

"महिन्याला दोनशे ऐंशी."

वहिनी दारात येऊन उभी राहिली होती. ओठावरची सूज काळी पडली होती.

"मी तुमाला फोन केला हुता, भाऊजी," ती म्हणाली. "बारक्या हायत म्हणून."

"हो," मी म्हणालो.

"तुमी म्हणाला, औषध तेच."

ती आत गेली. तिच्या वडिलांनी मला तोंड धुवायला पाणी दिलं आणि म्हणाले, "तुमी खरं बोलला ते बरं केलं. पोरगी येनार न्हाय."

अण्णा तीन आठवड्यांनी घरी आला. गाभण मेंढी मेली होती, आणखी सात मेली होती. उरलेल्यांच्या जखमांत किडे पडले होते, ते आई चिमट्याने काढत होती. आप्पांची दोन बोटं वळत नव्हती. अण्णाला त्या सकाळचं फारसं आठवत नव्हतं, आणि जे आठवत होतं ते त्याने कुणाला विचारलं नाही. त्याने फक्त वहिनीचं विचारलं. आईने सांगितलं, माहेरी आहे. तो "बरं" म्हणाला आणि शेळ्या घेऊन रानात गेला.

गोळ्या मीच आणत होतो. जोडीदाराने आता मला समोर बसवून शिकवलं. नाव, आकडा, दिवसाला किती, पट्टीत किती, मुदत कधीची. आधीची चिठ्ठी फाटली होती म्हणून नवी करून घेतली आणि तिला प्लॅस्टिकचं कव्हर घातलं. दुकानात मी आता "पाचशे मिलिग्रॅम" असं पूर्ण म्हणायचो. सरकारी जेनेरिक दुकानात तीच गोळी, तोच आकडा, मला पाचशे रुपयांपेक्षा पुष्कळ कमी किमतीत मिळाली. डॉक्टरांना दाखवली. ते म्हणाले, चालेल. म्हणजे बचत खरंच होत होती, आणि आधीपासून होऊ शकली असती. यावर मी फार विचार करत नाही.

अण्णाला आता गोळ्या आई द्यायची. चार महिने सगळं शांत होतं. मग माझ्या परीक्षेच्या आठवड्यात आप्पांचा फोन आला. अण्णा आठ शेळ्या घेऊन सकाळी रानात गेला तो परतलाच नव्हता. अक्कलकोटच्या अलीकडे कुणीतरी त्याला पाहिलं होतं, रस्त्याच्या कडेने शेळ्या हाकत चाललेला. डोक्याला फेटा, खांद्यावर घोंगडी, आणि घोंगडीच्या गाठीत गोळ्या. आईच्या डब्यातून तो महिन्याच्या सगळ्या गोळ्या घेऊन गेला होता.

तो कुठे निघाला ते आम्हाला तिघांनाही कळलं. वहिनीच्या थोरल्या भावाचं, दुधनीत पाय ठेवण्याबद्दलचं ते वाक्यही तिघांना आठवलं. आप्पा जायला निघाले, आईने त्यांना अडवलं. तुम्ही गेलात तर मारामारी नक्की, तो एकटा गेला तर कदाचित नाही, असं तिचं म्हणणं होतं. त्यावरून त्या दोघांचं कडाक्याचं भांडण झालं. आप्पांनी पाण्याची घागर अंगणात आपटली. मी दुधनीला फोन लावला, कुणी उचलला नाही. दोन दिवस मी पेपर लिहीत होतो आणि प्रत्येक उत्तराच्या मध्ये मला ओट्याचा तो दगड दिसत होता. त्यावर अण्णाचं डोकं. तो आता सावकाश चालायचा, सावकाश वळायचा, त्याला वार चुकवता आला नसता. आणि चुकवता आला नाही म्हणून त्याने हात उचलला असता, तर मग त्याच्यासाठी कुठलंच घर उरणार नव्हतं.

तिसऱ्या दिवशी पेपर सुटल्यावर मी कॉलेजच्या गेटबाहेर फोन चालू केला. आईचे पाच मिस कॉल होते. मी रस्त्याच्या कडेला उभा राहून लावला.

"हाय," ती म्हणाली. "जित्ता हाय."

"मारलं का त्याला?"

"थोरल्यानं मारलं. दातातनं रगत आलं म्हणं. ह्यानं हात उचलला न्हाय. नुसता शेळ्या धरून हुबा ऱ्हायला."

"मग?"

"मग तिच्या बापानं शेळ्या आत घेतल्या. मग ह्याला बी घेतलं. तितंच ऱ्हातो म्हणालाय. ती बी ऱ्हा म्हणालीय." आई थांबली. मला वाटलं ती रडते आहे, पण ती बाजूला आप्पांना काहीतरी सांगत होती.

"आणि गोळ्या?" मी विचारलं. "महिनाभराच्याच नेल्यात त्याने. पुढच्या मी दुधनीला पाठवू का?"

"ती आणनार हाय तितल्या दुकानातनं. स्वता जाऊन." मग आई म्हणाली, "तू पाठवू नगंस म्हणून सांगितलंय तिनं."